सदतिसावं कौल

ओल्या सिमेंटवर अंगठा कुणी उमटवला, ते मी विचारत नाही. तुमच्यापैकीच कुणीतरी. आधी थापीने पुसून या, मग बसा. हसण्यासारखं असतं तर तुमचा हा काका जेवणावरून उठला नसता.

आपले निवृत्त पोस्टमास्तर, रोज सकाळी कोपऱ्यावर पेपर वाचत बसतात ना, ही त्यांच्यावर गुदरलेली गोष्ट. त्यांनी ती फक्त मला सांगितली. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण चर्चचं छप्पर शाकारायचं काम माझ्याकडे होतं. गेलेल्यांची नावं मात्र मी घेणार नाही, निदान रात्रीची तरी नाही.

चार वर्षं झाली. मार्चचा शेवटचा गुरुवार, रात्रीचे सव्वादहा. पोस्टमास्तर घराबाहेर पडले ते पोती भिजवायला. चर्चच्या बाजूच्या खोलीत फळ्यांवर तीनशे कच्ची कौलं मांडली होती, ती वाळून तडकू नयेत म्हणून त्यांच्यावर ओली पोती घालावी लागत. हातात बॅटरी, खिशात चावी आणि एक छोटी वही.

चर्च दोनशे वर्षांचं. छताचा कुजका वासा भर प्रार्थनेत एका बाकावर पडला होता. बाक रिकामं होतं म्हणून निभावलं. पालिकेने नोटीस लावली, पावसाळ्याआधी छप्पर करा, नाहीतर कुलूप आणि मग बुलडोझर. लगेच दुरुस्ती समिती झाली. समिती म्हणजे पोस्टमास्तर, बाकीचे नुसते चहाला यायचे. त्यांनी दारोदार फिरून पैसे जमवले, गाण्याचा कार्यक्रम केला, सोडत काढली. सोडतीत पहिलं बक्षीस, शिलाई मशीन, नेमकं त्यांनाच लागलं. गावाने महिनाभर चेष्टा केली, आणि त्यांनी मशीन विकून ते पैसेही पेटीत टाकले. माणूस इतका सरळ, हे लक्षात ठेवा.

जुन्या इमारतींना मदत करणारी एक संस्था निम्मा खर्च द्यायला तयार झाली, पण एका अटीवर. गावातल्या तीनशे माणसांनी एकेका कौलाचे पैसे द्यायचे, ओल्या कौलाच्या मागे नाव कोरायचं आणि पुढे स्वतःचा अंगठा उठवायचा. ज्या इमारतीला तीनशे माणसं नाहीत तिला छप्पर तरी कशाला, असं त्यांचं म्हणणं. शुक्रवारी सकाळी नऊला त्यांच्या बाई कौलं तपासायला येणार होत्या, आणि अंगठे उठले होते दोनशे त्रेसष्ट, पोस्टमास्तरांचा स्वतःचा डावा अंगठा धरून.

सदतीस कमी. पैशांचा प्रश्न नव्हता, ते पोस्टमास्तरांनी पेन्शनमधून घातले. पण माणसं कुठून आणायची? तरुण परगावी, आणि उरलेल्यांनी दारं लावून घेतलेली. चर्च गेलं की मागची कबरींची जागाही जाणार, तिथे गाड्या उभ्या राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या जागेत, भिंतीलगत दुसऱ्या रांगेत, पोस्टमास्तरांची बायको होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. दर रविवारी ते तासभर तिच्यापाशी बसायचे आणि आठवड्याच्या बातम्या सांगायचे.

गुरुवारी संध्याकाळी ते वही घेऊन कबरींमधून फिरले. सगळा जन्म पत्ते वाचण्यात गेलेला, झिजलेली अक्षरंही त्यांना लागत. छत्तीस नावं उतरवली. मग अंधार पडला, आणखी एक नाव वाचण्याइतका उजेड उरला नाही. बायकोचं नाव वाचावं लागत नव्हतं. त्यांनी ते लिहिलं.

तर त्या रात्री पोती भिजवून झाल्यावर त्यांनी दाराला आतून कडी घातली. खिळ्याने सदतीस नावं कोरली आणि सदतीस वेळा आपला उजवा अंगठा दाबला. त्या अंगठ्यावर शिक्क्याची लाख सांडून भाजल्याचा जुना डाग आहे, म्हणून कधी वाकडा दाबला, कधी नुसता शेंडा. बायकोच्या कौलावर मात्र नीट, सरळ. साडेअकरा झाले. त्यांनी बादलीत हात धुतले आणि दिवा मालवला.

बाहेर खडीवर पाऊल वाजलं.

कुणीतरी उशिरा अंगठा द्यायला आलं असेल, असं त्यांना वाटलं. जरा बरंही वाटलं. मग दुसरं पाऊल. तिसरं. मग बरीच. कुणाला घाई नव्हती. कुणी खोकत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. आपल्या गावची माणसं रांगेत उभी आहेत आणि कुरकुर नाही, असं कधी झालंय?

कडी निघाल्याचा आवाज आला नाही. दार मात्र उघडलं. वारा आत आला, आणि त्याला मातीचा वास होता... कौलांच्या मातीचा नाही. खोलातल्या मातीचा.

पोस्टमास्तर कपाटाच्या आडोशाला सरकले. बॅटरी हातातच होती. लावायचा धीर झाला नाही.

पाऊल. थांबणं. ओलं पोतं उचलल्याची सळसळ. आणि मातीत काहीतरी हळूच रुतल्याचा आवाज... पच्च.

एक.

पुन्हा पाऊल. पुन्हा सळसळ. पच्च.

दोन.

त्यांना मोजायचं नव्हतं. पण हयात टपाल मोजण्यात गेली, डोकं आपोआप मोजत राहिलं. बारा. तेरा. एक पाऊल फार हलकं होतं. लहान मुलाचं. त्याचा हात फळीपर्यंत पोचेना. खालीच घुटमळलं. मग कुणीतरी त्याला उचललं...

चौदा.

छत्तीस झाले. शांतता. आता जातील, पोस्टमास्तर मनात म्हणत होते. आता जातील.

कुणीच गेलं नाही.

मग दारातून आणखी एक चाल आली. एक पाऊल... एक फरपटत. एक पाऊल... एक फरपटत. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती अशीच चालायची. शेवटची तीन वर्षं स्वयंपाकघरापासून खाटेपर्यंत ती चाल त्यांनी रोज रात्री ऐकली होती.

कौलांपाशी ती थांबली नाही. कपाटाकडे आली.

"अहो..."

पोस्टमास्तर कपाटाला आणखी चिकटले.

"नाव घालायचं होतं, तर मला विचारायचं तरी."

"तुझ्यासाठीच..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मग अगदी जवळून...

"हात द्या."

त्यांनी दिला. तिने मागितलं आणि मी नाही दिलं असं कधी झालंच नव्हतं, मला म्हणाले. अंधारात त्यांच्या अंगठ्याभोवती बोटं मिटली. गार. ओली. दुखलं नाही.

सकाळी सातला मी आलो, तेव्हा दार सताड उघडं होतं आणि ते कपाटाशी बसून होते, जागे. नऊला संस्थेच्या बाई आल्या. भिंगातून त्यांनी एकेक कौल पाहिलं. पोस्टमास्तर भिंतीला टेकून उभे, आता चोरी पकडली जाणार म्हणून पांढरेफटक पडलेले. बाईंनी मान वर केली, तीनशे माणसांचे तीनशे अंगठे आहेत म्हणाल्या आणि सही केली.

मी जवळ जाऊन पाहिलं. रुंद, बारीक, एकावर जखमेची चीर, एक तर वाटाण्याएवढा. सदतिसाव्या, त्यांच्या बायकोच्या कौलावर तेवढा पोस्टमास्तरांचा अंगठा होता तसाच होता, लाखेच्या डागासकट. कौलं भट्टीत भाजून आल्यावर ते कौल मी माझ्या हाताने वेदीच्या वर बसवलं. चर्च उभं आहे, कबरीही आहेत. चार पावसाळे गेले, एक थेंब गळला नाही.

पण दर नोव्हेंबरात पोस्टमास्तरांना पेन्शनच्या खिडकीवर जावं लागतं, आपण हयात आहोत हे दाखवायला. काचेवर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की झालं. त्या वर्षी मी सोबत होतो. लाल दिवा लागला. खिडकीतल्या मुलीने काच पुसली, पुन्हा ठेवा म्हणाली. पुन्हा लाल. पुन्हा पुसली. मग तिने त्यांचा हात ओढून उजेडात धरला, आणि पटकन सोडून दिला.

अंगठ्यावर रेषा नव्हती. एकही नव्हती. लाखेचा डागही नव्हता. चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत.

आता डॉक्टर नाडी बघून दाखला लिहून देतो, पेन्शन चालू आहे. तरी खिडकीवर ते दरवर्षी एकदा अंगठा ठेवून बघतात. जाण्याआधी साबणाने हात धुतात, पाणी मीच ओततो. लाल दिवा लागतो. ते हात उचलतात...

आणि काचेवर ओली माती असते.