रिकाम्या पाळण्यातला श्वास

बरोबर दोन वाजून वीस मिनिटांनी पहिली लाल खूण उमटली. भर दुपार होती. साताऱ्याच्या त्या घरात ओवी पाळण्यात झोपली होती, आणि तिची आई सोनिया लसूण सोलता सोलता नणंदेच्या लॅपटॉपात डोकावत होती.

नणंद विनोदिनी सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायची. तान्ह्या मुलांच्या झोपेतल्या श्वासावर तिनं शोधनिबंध लिहिला होता. पाळण्याला इवलासा डबा बांधायचा, तो श्वास टिपायचा, मग त्याची रेघ निघायची. खंडाळा, औंध, सांगली असा तोच डबा घरोघर फिरला आणि शेवटी ओवीच्या पाळण्याला आला. तेव्हापासून पोर झोपेत दचकायची. सोनियाच्या जिवाला तेवढाच घोर.

निबंध छापून येण्याआधी नेटवर सगळ्यांना वाचायला ठेवायचा होता. त्याआधी एक प्रोग्राम तो तपासत होता.

"आवं वन्सं, ह्यो काय बघतो?"

"आईबापांची संमती घेतली का, आकडे जुळतात का, एकच चित्र दोनदा चिकटवलंय का... आपल्या नजरेतून सुटतं, याच्या नाही."

"म्हंजी सासूबाईच की!"

विनोदिनी हसली आणि हसता हसता थांबली. औंधच्या बाळाच्या रेघेतला लहानसा तुकडा लाल झाला होता. खंडाळ्याच्या रेघेत तोच तुकडा. सांगलीच्या रेघेत तोच. ओवीच्याही. खाली अक्षरं आली: नक्कल केलेला भाग.

"मी काही चिकटवलं नाही गं... बाळाच्या श्वासाशेजारी दुसरा श्वास आहे. सगळीकडे एकच. संथ."

"डब्याचीच घरघर असंल."

"हाही तेच विचारतोय. बाळ नसताना डबा लावून पाहिला का? पाहिला, तर निबंधात का नाही?"

पाहिला होता. लिहायचं राहून गेलं होतं. विनोदिनीनं ती जुनी रेघ शोधून आत टाकली, आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाली. तो श्वास तिथूनच सुरू झाला होता.

"ही कुटं घेतली व्हती?"

"इथंच. डबा खंडाळ्याला न्यायच्या आधी, ओवीच्या बारशाच्या आदल्या दिवशी. पाळणा नवा होता... करकरतो का बघायला मी हलवत बसले होते."

सोनियाच्या हातातली पाकळी खाली पडली. "रिकामा पाळणा हलवलासा? वन्सं... आपल्यात कुनी हलवतं व्हय?"

विनोदिनीनं त्या रेघेची तारीख पुन्हा पाहिली.

खरं तर सोनियानं किंचाळायला हवं होतं. पण तिला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं. तिनं पाळण्यातून ओवीला अलगद उचललं, खांद्यावर टाकलं. "आता परत रिकामाच टिपा. हलवू नगा. बघू तर खरं."

पंखा बंद केला. दोघी गप्प उभ्या राहिल्या. घरात लसणाचा वास तेवढा होता. थोड्या वेळानं नवी रेघ निघाली, सरळ, कोरी. प्रोग्रामनं हिरवी खूण दिली.

"सुटलो बाई!" विनोदिनी खुर्चीत कोसळली. "डबा स्वच्छ. पाळणाही. काही नाही त्यात."

"न्हाई ना?" सोनिया पुटपुटली. "मग त्ये गेलं कुटं...?"

ओवी गाढ झोपली होती. सोनियाच्या डाव्या कानाशी तिचा कोवळा, भरभर श्वास. आणि उजव्या कानाशी... संथ.

निबंध अजून नेटवर ठेवलेला नाही. पण खंडाळ्याकडं, औंधकडं कुणी ओळखीचं असेल, तर तिथल्या आयांना एवढा निरोप पोचवा: डबा परत दिला म्हणून निर्धास्त राहू नका. बाळाला खांद्यावर झोपवाल, तेव्हा दुसऱ्या कानावरचा पदर बाजूला करून ऐका.