तलावाखालची आठ घरं

वच्छलाबाईचं प्रेत तलावाच्या दीड किलोमीटर खाली, बोरीच्या झाडात अडकलेलं सापडलं. कन्नडच्या तहसीलमधून सकाळी साडेसातला फोन आला आणि दहाच्या आत उमा पाठक फुटलेल्या बांधावर उभी होती. ती धरण सुरक्षा विभागातली अभियंता. दोष कुणाचा, हे शोधणं तिचं काम.

बांध का फुटला ते शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. निव्वळ माती, दगडी अस्तर नाही, जादा पाणी जायला सांडवा हातभर. प्रश्न वेगळाच होता. खाली आठ घरं असताना या खाजगी तलावाची तपासणी एकदाही का झाली नाही?

उत्तर फाइलमध्ये होतं. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतला पंचनामा: 'खालची घरं ओसाड, कोणी राहत नाही.' म्हणून तलाव सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात. त्या वर्गाला ना तपासणी, ना दुरुस्तीची सक्ती. शेवटी साक्षीदाराचा अंगठा. नाव नाही, नुसतंच 'स्थानिक रहिवासी'. ओसाड जागेचा रहिवासी! सरकारी कागदाला लाज म्हणून नसते.

तलावाचे मालक रामकिसनराव बांधाजवळच खुर्ची टाकून बसले होते.

"हा अंगठा कुणाचा?"

"असंल कुणी मेंढपाळ. पाहणीला आलेल्या साहेबांनीच विचारलं त्याला. मी कशाला नाव ध्यानात ठेवू?"

"घरं खरंच रिकामी होती?"

"फोटो हाय ना, मॅडम."

फोटो होता. आठ दारं, आठही दारांना बोराटीच्या काटेरी फांद्या लावलेल्या. माणूस एक नाही. कडेला खुंटीला बांधलेली शेळी, पुढ्यात हिरवा पाला.

उमा खाली वस्तीवर गेली. रामकिसनराव मागोमाग आले. वच्छलाबाईचा नवरा कडुबा उरलेल्या भिंतीपाशी पाणी काढत होता. एक पाय ओढत चालायचा.

"जानेवारीत तुम्ही कुठं असता?"

"कारखान्यावर, ऊस तोडाया. दिवाळी झाली की दाराला काट्या लावायच्या अन् निघायचं. गुढीपाडव्याला माघारी."

"सगळेच जाता?"

"एक जण राहतो राखणीला."

"पाय कधी मोडला?"

"चार सालं होत आली. दसऱ्याला बैलगाडी गेली वरून."

उमानं फाइलमधला फोटो काढून त्याच्यापुढं धरला. पुढचं तिला विचारायचंच नव्हतं.

"कडुबा, कायमच्या सोडलेल्या घराला कुणी काट्या लावत नाही. परत यायचं असतं म्हणून लावतात. शहरातल्या साहेबाला ते कळलं नाही. पण शेळीपुढं पाला टाकणारा माणूस तिथं होता. अन् मोडल्या पायानं त्या साली कुणी ऊस तोडायला गेलं नसेल. अंगठा तुमचा आहे."

कडुबानं हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"मालक बोलले, वस्ती लिवली तर सरकार समद्यांला उठवील. जागेचा कागद नाय आमच्यापाशी. मला वाटलं, घरं वाचवतोय."

उमा वळली. "वस्ती लिहिली असती तर बांधाचा खर्च तुमच्या गळ्यात पडला असता, रामकिसनराव. म्हणून पाहणी तुम्ही जानेवारीत घडवून आणलीत, आणि राखणदाराला भीती घातलीत."

"मी असं बोललो, ह्याला साक्षीदार कोण?" रामकिसनराव शांत होते. "अंगठा त्याचा. माझी सही दाखवा कुठं हाय."

सही कुठंच नव्हती. उमानं फाइल दोनदा उलटून पाहिली होती. डाव सगळा या माणसाचा, आणि खोट्या साक्षीचा गुन्हा लागणार कडुबाला. तिला संताप आला. त्याचा उपयोग शून्य होता.

"मॅडम," कडुबा म्हणाला, "वस्ती लिवली असती तर काय झालं असतं?"

"सांडवा रुंद करावा लागला असता. बांध पक्का करावा लागला असता. मालकांना."

"अन् आमाला उठवलं असतं?"

खोटं बोलावं असं उमाला फार वाटलं.

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

कडुबानं मान हलवली. घमेलं पुन्हा उचललं. मग त्यानं विचारलं, वच्छलाला दवाखान्यातून कधी देतील.