पडद्याच्या डाव्या कडेला

पिशवीचा बंद तुटला तो नेमका भंगारवाल्याच्या दुकानाच्या चार पावलं अलीकडे. सोळा व्हिडिओ टेपा फुटपाथवर धडाधड पडल्या आणि ती तिथेच खाली बसली. गोळा करायला नव्हे… बसावंसं वाटलं म्हणून. पहाटेपासून रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिने साठ दंडांना सुया टोचल्या होत्या, आणि घरी बाबांचं जेवण व्हायचं होतं.

"ही वाचेल अजून," कोणीतरी डोक्यावरून म्हणालं.

शेजारच्या दुकानातून तो बाहेर आला होता. चाळिशीचा, दाढीचे खुंट वाढलेले, डोळ्यांखाली तिच्याइतकीच काळी वर्तुळं. हातातली टेप उजेडात धरून तो टेपच्या काचेतून आत डोकावत होता. "बुरशी आहे, पण वरवरची. कुठे निघाल्या या?"

"भंगारात."

"एकदा बघितल्यात तरी?"

"ज्यांनी बघायच्या त्यांना आता दिसत नाही," ती म्हणाली, आणि परक्या माणसाला आपण हे का सांगतोय, ते तिचं तिलाच कळेना.

जुन्या टेपा डिस्कवर उतरवून देणं हाच त्याचा धंदा होता. "एक लावून बघू. नाही आवडली, तर भंगारवाला काही पळून जात नाही."

पडद्यावर आधी नुसत्या मुंग्या. मग पांढऱ्या रेघा. मग रंग उडून गुलाबी झालेल्या चित्रात आई कपडे वाळत घालताना दिसली. वळून तिने हात झटकला. "पुरे हो आता! दुसरं काही नाही का शूटिंगला?" कॅमेऱ्यामागून कोणीतरी खळखळून हसलं.

ते बाबा होते. आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, ते हसणं घरात कोणी ऐकलं नव्हतं.

टेपा भंगारात गेल्या नाहीत.

"तीन तासांची टेप उतरायला तीनच तास घेते," त्याने बजावलं. "घाई चालत नाही. आणि तुम्ही बसलंच पाहिजे असं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि दर शनिवारी दुपारी येऊन बसू लागली.

ती का बसायची? त्या दुकानात तिला कोणी हाक मारत नसे. तो कापसाच्या बोळ्याने टेप पुसायचा, मशीन उघडून फुंकर घालायचा, थरथरणारं चित्र स्थिर करायचा, आणि ती खुर्चीत बघता बघता पेंगायची. जाग आली की आवाज बारीक केलेला असायचा आणि पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलेलं.

"तुम्ही घोरत नाही," एकदा तो मान वर न करता म्हणाला.

"लक्ष टेपवर ठेवा."

"टेपवरच होतं… अधूनमधून."

ती हसली. हसताना गाल दुखला, इतकी सवय मोडली होती.

त्याचीही गत फार वेगळी नव्हती. लग्न मोडून सहा वर्षं झालेली. दिवसभर दुसऱ्यांची लग्नं, बारशी, सहली बघायच्या आणि घरी जाऊन भिंतीकडे. "लोकांचे आनंद पुसून पुसून हात दुखतात," तो म्हणायचा. तक्रार म्हणून नव्हे. पाऊस आहे म्हणावं, तसं.

पहिल्या डिस्कचं चित्र आरशासारखं स्वच्छ निघालं. तिने ती घरी लावली. बाबा दोन मिनिटं पडद्याकडे तोंड करून बसले, मग म्हणाले, "आवाज येतोय तिचा. ती कुठे आहे?" आणि उठून आतल्या खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शनिवारी तिने डिस्क टेबलावर ठेवली. "तुमची चूक नाही. पण राहू द्या आता. माझ्यात त्राण नाही."

त्याने समजूत घातली नाही. एवढंच विचारलं, "त्यांना नक्की काय दिसतं?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. "मधोमध काळा डाग… समोरचं माणूस पुसून जातं. कडेचं थोडं दिसतं. डावीकडचं जास्त."

त्याने डिस्क उचलून आपल्याकडे ओढली. मग म्हणाला, "पंधरा दिवस द्या."

तिसऱ्या रविवारी सकाळी तो स्वतःच घरी आला. "रंग त्यांच्या डोळ्यांसमोरच जुळवावे लागतील," असं कारण सांगितलं. बाबांना समोर बसवलं. "काका, पडद्याच्या मध्यावर बघा. काकूंना शोधायला जाऊ नका."

चित्र सुरू झालं. त्याने एकेक दृश्य सरकवलं होतं, मोठं केलं होतं. कपडे वाळत घालणारी आई, थोरल्या बहिणीची वेणी घालणारी आई, कॅमेऱ्यावर रागावणारी आई… प्रत्येक वेळी पडद्याच्या डाव्या कडेला. मागचं सगळं गडद, तिचा चेहरा तेवढा उजळ. तो रंग कमीजास्त करत होता आणि बाबांकडे बघत होता.

बाबांचे हात खुर्चीवर घट्ट झाले.

"निळं स्वेटर," ते हळूच म्हणाले. "मीच आणलं होतं. तिला मुळीच आवडलं नव्हतं… तरी घातलंय बघ."

ती स्वयंपाकघरात पळाली. नळ सोडून रडली.

डिस्क संपल्यावर बाबांनी ती पुन्हा लावायला सांगितली. तो निघाला, तशी ती दारापर्यंत आली. एक बूट चढवून तो थांबला.

"एक सांगायचं राहिलंय. टेपा महिन्याभरापूर्वीच संपल्या. तुमच्या मावशीच्या लग्नाची टेप मी… दोनदा लावली."

"तीनदा," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्ही जाग्या होतात?"

"तिसऱ्या वेळी."

त्याचे कान लाल झाले. "मग बोलला का नाहीत?"

"दमले होते." ती दाराला टेकली. "ऐका. मी सारखीच दमलेली असते. पहाटे उठते, दुपारी बाबा, मग धुणीभांडी. फिरायला जाणं, नटणं, रुसणं… ते प्रेमबिम मला झेपेलसं वाटत नाही."

"मला तरी कुठे झेपतंय?" तो म्हणाला. "मला फक्त तुम्ही शेजारच्या खुर्चीत हव्या आहात. झोपलात तरी चालेल. रुसायचं काम मी करीन."

तिने हात पुढे केला. रोज साठ दंड धरणारा तो हात, आणि आज पहिल्यांदाच कोणीतरी तो धरला. त्याची बोटं गार होती.

"पोरी," आतून बाबांनी हाक मारली, "तो गेला का गं? थांब म्हणावं. जेवून जाईल."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्याने खाली वाकून चढवलेला बूट पुन्हा काढला.