माझं 'नाही' गाजलं तेव्हा

मेम्फिसच्या त्या स्टुडिओत मी तळलेल्या माशाची सँडविचेस द्यायला गेले होते, गायला नव्हे! पण साथीच्या मुलीचा घसा बसला होता आणि माइकसमोरचा उंच, लाजरा गायक थर्मन अडला होता – गाण्यातल्या त्याच्या प्रश्नाला 'नाही' म्हणणारं कुणीच नव्हतं.

"तुम्हाला 'नाही' म्हणता येतं?" त्यानं विचारलं.

"गिऱ्हाइकं लग्नाचं विचारतात तेव्हा रोज तेच म्हणते."

तो हसला... डोळे मिटून गायला लागला – 'माझी होशील का?' सांगितल्याप्रमाणे मी माइककडे वाकून म्हटलं, "नाही."

हिवाळ्यापर्यंत आम्हा काळ्यांच्या 'सोल' संगीतातलं ते त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं गाणं झालं. न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, अगदी गोऱ्यांच्या गाड्यांतूनही माझं 'नाही' ऐकू यायचं. आणि गावभर मीच दुष्ट!

"एवढा जीव तोडून विचारतोय पोरगा," आमच्या सँडविचच्या दुकानात ओडेसा मावशी कढई हलवत म्हणायची, "तुला काय राजपुत्र हवाय?"

थर्मन गावोगाव गात फिरत होता. दुकानात त्याचे फोन यायचे.

"वर्लीन, शिकागोला एक सँडविच पोचवशील?"

"गार होईल."

"होऊ दे. आणणारी तू हवीस."

मी फोन ठेवायचे, पण गाल तापलेलेच. तरी भरवसा वाटत नव्हता. तो गायला लागला की पोरी 'हो, हो' ओरडतात म्हणे... मग मला जे म्हणतो ते मनातलं, की सवयीचं?

मार्चमधल्या एका शनिवारी भर दुपारी तो दुकानात आला आणि गुपचूप गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहिला. कुणीतरी लगेच नाणं टाकून ज्यूकबॉक्सच्या यंत्रावर त्याचं गाणं लावलं. थर्मननं जाऊन सरळ प्लगच उपटला.

"वर्लीन, मी... म्हणजे मावशींची हरकत नसेल तर..." तो चक्क अडखळत होता.

"अरे, गाऊन विचार की!" रांगेतले एक आजोबा खेकसले.

"गाऊन सगळ्यांनाच विचारतो, आजोबा. हिला नुसतंच विचारायचंय." तो माझ्याकडे वळला. "लग्न करशील माझ्याशी?"

एका शब्दासाठी देशभर गाजलेली मी – माझ्या तोंडून अक्षर फुटेना. मी नुसती होकारार्थी मान हलवली.

"ऐकू आलं नाही!" आजोबा ओरडले.

"हो!" मी इतक्या जोरात म्हटलं की मावशी दचकली. आणि हजारो 'हो' ऐकलेला तो मुलगा काउंटरला धरून, सगळ्यांदेखत रडायला लागला.