कॉकपिटमधली ती चार मिनिटं

पहिलेच सांगते, हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. त्या विमानात मी स्वतः बसले होते. तिसरी रांग, मधल्या वाटेकडची सीट. बोर्डिंग पासचा तुकडा अजून माझ्या पर्समध्ये आहे. फेकायची हिंमत होत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. शनिवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. नागपूरचं विमानतळ. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन.

मी अर्चना. सौंसरला शाळेत शिकवते. माहेर रामाकोन्याचं. माझी धाकटी बहीण दामिनी एका विमान कंपनीत को-पायलट आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात भूतबित कोणी मानत नाही. बाबा नेहमी म्हणायचे, जे दिसत नाही त्याले कायले भ्यायचं?

बाबा आज असते तर त्यांना मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. दामिनी मला आठ दिवसांसाठी बेंगळुरूला तिच्या खोलीवर नेणार होती. माझा पहिलाच विमानप्रवास. आणि विमान चालवणार तीच. सकाळी नागपूरच्या बसस्टँडवर माझी बॅग उचलत ती हसली होती.

"ताई, आज तुले मीच उडवून राहिली. घाबरू नको."

दोन वाजता आम्ही सगळे प्रवासी आत बसलो. विमान काही हलेना.

आत भट्टी झाली होती. सीटसमोर ठेवलेली ती सूचनांची जाड कार्डं काढून लोक वारा घेत होते. पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत नुसती कार्डं हलत होती. मीही घेतलं एक.

कॉकपिटचं दार उघडं होतं. मला दामिनीचा डावा खांदा दिसत होता. तिच्या मागं भिंतीला एक घडीची सीट होती. बसलं की खाली येते, उठलं की स्प्रिंगनं वर जाते, तशी. ती रिकामी होती. वर.

आत काय चाललं होतं ते मला दामिनीनं नंतर सांगितलं.

एक पिवळा दिवा लागला होता. कॉकपिटमागच्या यंत्रांना गार ठेवणारा एक पंखा असतो. विमान जमिनीवर असलं की तो आपोआप सुरू होतो. त्या दिवशी तो सुरूच होत नव्हता.

इंजिनिअर आला. त्यानं काहीतरी बंद केलं, पुन्हा सुरू केलं. दिवा गेला. दोन मिनिटांनी परत आला.

दामिनी चेकलिस्ट वाचायला घ्यायची, की कोणीतरी यायचं.

नेहा आली, हवाईसुंदरी. "सर, लोक चिडलेत. पाणी देऊन टाकू का?"

विमानात इंधन भरणारा माणूस कागद घेऊन आला. सही पाहिजे.

कॅप्टन कुलदीप सरांचा फोन वाजला. ऑफिसमधून. अजून का निघाला नाहीत?

टॉवरवरून विचारणा झाली. तुमचा नंबर जाईल, किती वेळ?

प्रत्येक वेळी दामिनी उत्तर द्यायची आणि चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करायची. चार वेळा केलं म्हणाली. चौथ्या वेळी आपण कुठवर आलो होतो, तेच तिला आठवेना.

शेवटी इंजिनिअर म्हणाला, "हा पंखा बंद असला तरी जाता येतं. पुस्तकात परवानगी आहे. मी लिहून देतो."

कुलदीप सरांचं समाधान झालं नाही. ते इंजिनिअरसोबत स्वतः खाली बघायला उतरले.

कॉकपिटमध्ये दामिनी एकटी उरली.

आता मी पाहिलं ते सांगते.

दामिनी बोलत होती.

मान थोडी वळवून, मागच्या माणसाशी बोलावं तशी. मधेच मान हलवत होती. एकदा तर हसली. मला वाटलं कॅप्टन असतील. किंवा इंजिनिअर.

मग माझं लक्ष त्या घडीच्या सीटकडे गेलं...

ती खाली होती.

कोणी बसलेलं दिसत नव्हतं. फक्त सीट खाली. दाबून धरल्यासारखी.

मी स्वतःलाच म्हटलं, अडकली असेल.

तेवढ्यात बाहेरच्या शिडीवर बुटांचा आवाज आला. कुलदीप सर वर आले. घामानं भिजलेले. इंजिनिअर त्यांच्या मागं.

दोघंही आत्ता बाहेरून येत होते...

मग दामिनी एवढा वेळ कोणाशी बोलत होती?

कुलदीप सर कॉकपिटच्या दाराशी आले.

खट्ट...

ती सीट वर गेली.

आणि कुलदीप सर बाजूला सरकले. आतून कोणी बाहेर येत असलं की आपण अंग चोरून वाट देतो ना, अगदी तसे. भिंतीला पाठ लावून. क्षणभर थांबले. मग आत गेले.

आतून कोणीच बाहेर आलं नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते मी आजवर फार थोड्यांना सांगितलं.

पहिल्या रांगेतली कार्डं थांबली. सगळ्यांची. एकदम. हात जिथल्या तिथे.

मग दुसऱ्या रांगेतली.

पहिल्या रांगेतली पुन्हा हलायला लागली...

आणि माझा हात थांबला.

मी थांबवला नाही. तो थांबला. कार्ड नाकासमोर धरलेलं, आणि मला ते हलवता येईना. शेजारच्या बाईचंही तसंच. तिचे डोळे समोर, उघडे.

मी वाट पाहत होते की आता हे चौथ्या रांगेकडे जाईल.

गेलं नाही.

माझ्या खांद्याजवळ, वाटेत, कोणीतरी उभं होतं. श्वास नाही, वास नाही, सावली नाही. पण गर्दीच्या बसमध्ये कोणी अगदी लागून उभं राहिलं की न बघताही कळतं ना, तसं कळत होतं. ते मला बघत होतं.

किती वेळ, सांगता येत नाही.

मग शेजारची बाई म्हणाली, "बाप्पा, किती गरम होऊन राहिलं व," आणि कार्ड हलवायला लागली. माझाही हात सुटला.

दारं बंद झाली. विमान निघालं.

मी उठून ओरडायला पाहिजे होतं. पण काय ओरडणार होते? कार्डं थांबली म्हणून?

विमान धावपट्टीकडे जाताना, दामिनी सांगते, तो पिवळा दिवा पुन्हा लागला. कुलदीप सर त्याच्याबद्दल काही विचारत होते, त्याच वेळी टॉवरवरून बोलावणं आलं. ती एकाला उत्तर देत होती आणि दुसऱ्याचं ऐकत होती.

विमान उडण्याआधी पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली घ्याव्या लागतात. त्यानं विमान लवकर उचललं जातं. दामिनीनं हे शेकडो वेळा केलं असेल.

त्या दिवशी राहून गेलं. आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही.

असं विसरलं तर भोंगा वाजतो. इंजिनाचा जोर वाढवला की लगेच.

विमान धावपट्टीच्या टोकाला उभं राहिलं. परवानगी मिळाली. कुलदीप सरांनी जोर वाढवायला सुरुवात केली. मला सीटमध्ये कंप जाणवला.

भोंगा वाजला नाही.

आणि दामिनीच्या अगदी कानामागं कोणीतरी बोललं...

"पोरी, तुह्या विमानाले वाटून राहिलं, ते आधीच उडालं."

कॉकपिटचं दार तेव्हा बंद होतं. आत फक्त दोघं.

दामिनी ओरडली, "थांबा सर!"

सरांनी जोर काढून घेतला. विमान जागच्या जागी हिसका देऊन थांबलं. मागं कुठंतरी मूल रडायला लागलं.

तेव्हा दामिनीनं खाली पाहिलं. पट्ट्यांचा दांडा शून्यावर होता.

त्या विमानात एकशे चौसष्ट माणसं होती.

आम्ही परत जागेवर आलो. सगळ्यांना उतरवलं. संध्याकाळी कारण कळलं. पंखा चांगलाच होता. चाकापाशी एक यंत्र असतं, विमान जमिनीवर आहे की हवेत हे ते सांगतं. तेच बिघडलं होतं. विमान उभं होतं नागपुरात, आणि त्याला वाटत होतं आपण आभाळात आहोत. म्हणून जमिनीवरचा पंखा सुरू होत नव्हता. म्हणूनच भोंगाही वाजला नाही, कारण तो फक्त जमिनीवर वाजतो.

सगळ्यांनी दामिनीची पाठ थोपटली. तुला सुचलं कसं, म्हणाले.

ती बॅग उचलून माझ्याकडे आली.

बेंगळुरू राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसनं सौंसरला, तिथून रामाकोन्याला आईकडे आलो. आई, वत्सला तिचं नाव, ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती. दामिनीनं तिला सांगितलं. कॉकपिटमध्ये एकटी असताना मागून एक म्हातारा आवाज आला होता, काय शोधून राहिली पोरी? तिला वाटलं, इंजिनिअरचा हेल्पर असेल. ती म्हणाली, पंखा बिघडला. तो म्हणाला, पंखा नाही बिघडला, त्याले कोणी सांगितलंच नाही. बस. तिला एवढंच आठवत होतं. आणि मग धावपट्टीवरचं ते वाक्य. एकूण तीन वाक्यं.

"आपल्याच बोलीत बोलला, आई. अगदी आपल्या गावचा वाटला."

आईचं सूप थांबलं.

"तोंडात पान धरून बोलून राहिला होता का?"

दामिनी दचकली. "हो... तोंड भरलेलं वाटलं. तुले कसं माहीत?"

आई उठली. सूप तिथेच. आत गेली आणि दार लोटून घेतलं.

"आई, कोण व तो?" मी दाराबाहेरून विचारलं.

"तुनं मागं वळून पाहिलं का त्याच्याकडे, दामिनी?"

"नाही."

"मंग बरं केलं. आता इचारू नका मले."

तिनं आजपर्यंत सांगितलं नाही. पण पुढचे तीन दिवस तिनं मला सौंसरला जाऊ दिलं नाही. रात्री माझ्या खाटेला खाट लावून झोपायची. दामिनीच्या नाही. माझ्या.

हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं.

बारा दिवसांनी कंपनीनं दामिनीला चौकशीसाठी बोलावलं. विमानात एक यंत्र असतं, कॉकपिटमधलं सगळं बोलणं त्यात रेकॉर्ड होतं. अधिकाऱ्यांनी ते ऐकलं होतं. त्यांना एकच अडचण होती. मधली चार मिनिटं मराठीत होती, आणि त्यांच्यात मराठी कोणाला येत नव्हती.

"तुम्ही फोनवर बोलत होता का?" त्यांनी विचारलं.

तिचा फोन बॅगेत बंद होता.

"मग जरा ऐकून अर्थ सांगा."

दामिनीनं हेडफोन लावला.

त्यात दुसरा आवाज नव्हता. फक्त तिचा. ती बोलते, थांबते, ऐकते, पुन्हा बोलते. तिला त्या वेळची त्याची दोनच वाक्यं आठवत होती, आणि ही पूर्ण चार मिनिटं होती. तिनं आयुष्यात कधी न ऐकलेली दोन-तीन माणसांची नावं ती रेकॉर्डिंगमध्ये स्वतः घेत होती. ओळखीच्या माणसांची घ्यावी तशी.

तिनं अधिकाऱ्यांना सांगितलं, घाबरले होते, स्वतःशीच बडबडत होते. त्यांनी लिहून घेतलं.

शेवटचं अर्धं मिनिट मात्र तिनं घरी येऊन एका कागदावर उतरवलं आणि मला दिलं. आईला दाखवू नको म्हणाली.

कागदावर एवढंच आहे.

"हो, सगळे वाचले पाहिजेत."

मग जागा सोडलेली.

"ताई? तिसऱ्या रांगेत."

पुन्हा जागा.

"नाही. ताई नाही."

मोठी जागा.

"जाऊन पाहून या. पण ताई नाही."

आणि सगळ्यात खाली...

"बरं. मंग मी."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. दामिनी रोज उडते. तब्येत चांगली आहे, काही झालेलं नाही. तरी तिचं विमान उतरेपर्यंत मला वर्गात उभं राहवत नाही. पोरं विचारतात, मॅडम, घड्याळात काय पाहून राहिल्या?

मागच्या महिन्यात ती घरी आली होती. मी हिंमत करून एकदाच विचारलं.

"कशाचं कबूल केलं व तू त्याले?"

"मले खरंच आठवत नाही, ताई," ती म्हणाली.

पण हे सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.