अर्ध्या अंगठ्याचा गुंडा

देऊळघाटच्या शिवारात ज्वारी दाण्यात आली होती. दुपार कलल्यावर झुंबरबाई विळा घेऊन म्हशीसाठी चारा कापायला निघाल्या. लढाईची सालं ती. शिकाऊ वैमानिकांची विमानं अधूनमधून डोक्यावरून घरघरत जात, आणि बाई त्यांनाही पाखरांच्याच शिव्या देत.

पाखरांना यंदा रान मोकळं होतं. बाईंचे मालक उकंडराव पोळ्याआधीच गेले. रानातल्या उंच माळ्यावर बसून गोफण फिरवणारे तेच. गोफणीत घालायचे मातीचे गुंडे स्वतः वळायचे, प्रत्येकावर अंगठा दाबून उन्हात वाळवायचे. कडबा तोडताना अंगठा अर्धा गेलेला, म्हणून ठसाही अर्धाच. म्हणायचे, "कोनाचा मार हाय, हे पाखराले समजलं पाह्यजे!"

बाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पोचल्या आणि वरची घरघर एकदम थांबली. पाखरंही गप्प झाली. पाऊस सरून दोन महिने झालेले, तरी ओल्या मातीचा वास आला. मग ज्वारीतून आवाज आला... भर्र... भर्र... गोफण फिरत होती.

बाईंनी वर पाहिलं. वरून उघडं पिवळं विमान खाली येत होतं, थेट ज्वारीत दडलेल्या विहिरीकडे. अगदी शेवटी ते बाजूला वळलं, पंख धुऱ्याला अडकला आणि ते उलटं झालं.

"भाऊजी, धावा! विमानात पोरगं अडकलं!"

शेजारच्या वावरातून दीर उत्तमराव धावत आले. पेट्रोलचा वास नाकात बसत होता. "वयनी, दूर व्हा! पेट घेईन ते!"

"मंग त्याले जळू देऊ काय?"

बाईंनी विळ्यानं पोराला बांधलेले पट्टे कापले. दोघांनी पोराला बाभळीखाली ओढलं, तोच मागे भडका उडाला.

थोड्या वेळानं पोरगं बोललं. "इंजिन बंद पडलं. सपाट रान दिसलं म्हणून उतरवत होतो... डोक्यावर काहीतरी आदळलं. दचकून पाहिलं, तर समोर विहीर! तसंच विमान बाजूला वळवलं. माळ्यावरून गोफण मारणारे ते बाबा... त्यांना माझा नमस्कार सांगा."

दोघांनी तिकडे पाहिलं. माळा श्रावणातल्या वाऱ्यानं कधीच पडला होता. नुसते चार खांब उभे होते.

पोराच्या कॉलरमध्ये एक गुंडा अडकला होता. बाईंनी तो काढला. वर अर्ध्या अंगठ्याचा ठसा! त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हसूही आवरेना.

"वयनी... जुना असन, वावरात पडलेला..." उत्तमराव हळूच म्हणाले.

"हाव, असन," बाई म्हणाल्या, आणि बोटांना लागलेली ओली माती त्यांनी पदराला पुसली नाही.