ओंडक्यापासून एकवीस पावलं

भर दुपारी, त्या निर्मनुष्य किनाऱ्यावर, एक माणूस तिच्या काठ्या खुशाल उपटत होता. ती वाळूतून धावत सुटली... चप्पल एकीकडे, टोपी दुसरीकडे.

"हात लावू नका त्यांना."

"लावला," तो शांतपणे म्हणाला. "आधी घरटं बघा, मग भांडा."

घरटं रिकामं होतं. सहापैकी हे पाचवं.

ती पक्ष्यांची अभ्यासक. चिखल्या नावाचा मुठीएवढा पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतो, तीही वाळूच्याच रंगाची. चुकून पाय पडू नये म्हणून तिने प्रत्येक घरट्याशेजारी लाल चिंधी बांधलेली काठी रोवली होती. कावळे काय दूधखुळे होते? लाल चिंधी म्हणजे जेवण, एवढं ते आठवड्यात शिकले. करायला गेली एक आणि झालं भलतंच. काठ्या उपटणारा तो माणूस किनाऱ्याचा रखवालदार. त्याने हे सांगितलं तेव्हा तिला रडूच कोसळलं, आणि हा बाबा पाण्याची बाटली पुढे करून समुद्राकडे बघत राहिला. तेवढ्यावरूनच तो तिला बरा वाटला.

त्यात तिच्या मार्गदर्शक सरांनी फोनवर सांगून टाकलं, एकही पिल्लू निघालं नाही तर काम बंद. आईचं तर पहिल्यापासून एकच पालुपद, पाखरांमागे किती दिवस घालवणार. झालं, ती हट्टालाच पेटली.

"एक घरटं उरलंय. त्यातली अंडी फुटून पिल्लं निघाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"मग तिथली काठी काढा. जे जपायचं त्याची दवंडी पिटू नये."

काठी तिने काढली, पण तेवढ्यावर थांबेल तर ती कसली. तिने रिकाम्या वाळूत चाळीस काठ्या ठोकल्या. चिंध्या कमी पडल्या तेव्हा त्याने आपला जुना लाल सदरा मुकाट्याने फाडून दिला. कावळे दोन दिवस वाळू उकरत बसले आणि कंटाळून निघून गेले.

खऱ्या घरट्याची खूण आता फक्त दोघांच्या डोक्यात. वाकड्या ओंडक्यापासून एकवीस पावलं. पण ती त्याची! तिची सत्तावीस भरायची. म्हणून रोज दोघं बरोबर चालायची, ती पाऊल जरा लांब टाकायची, तो जरा आखडतं घ्यायचा. बोलणं जेमतेम... पण चालताना त्याचा हात तिच्या हाताला लागायचा आणि ती मोजणी विसरायची. मग पुन्हा ओंडक्यापासून सुरुवात. त्याने कधी कुरकुर केली नाही.

अकराव्या दिवशी दोघांची पावलं चोवीसवर जुळली, आणि समोर दोन ओली पिल्लं धडपडत उभी होती. तिने त्याचा हात गच्च धरला. तो सोडायचं राहूनच गेलं.

काम वाचलं होतं, पण या हंगामापुरतं ते संपलंही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न्यायला गाडी आली. तो आपल्या झोपडीच्या पायरीवर बसला होता. तिने पायरीशेजारी लाल चिंधीची एक काठी रोवली.

"इथे घरटं नाही," तो म्हणाला.

"माहितीये."

"मग खूण कशाला? जे जपायचं त्याची..."

"दवंडीच पिटायची आहे मला," ती म्हणाली. "पुढच्या हंगामात येतेय. चिखल्यांसाठी येईनच — पण तुझ्यासाठी आधी. कावळ्यांनाही कळू दे."

तुझ्यासाठी. आजवर तिने त्याला अहो-जाहोच केलं होतं.

त्याने काठी हलवून पाहिली. मग उठला, आणि दोन्ही हातांनी ती आणखी खोल रोवली.